अपिलाच्या कागदांचं भाषांतर: यंत्राकडे की अनुवादकाकडे?

जमिनीचा दावा सर्वोच्च न्यायालयात न्यायचा ठरला की सातबारा, फेरफार, पंचनामे, साक्षी सगळं इंग्रजीत करावं लागतं. नियमाप्रमाणे हे भाषांतर दोन्ही पक्षांना मान्य तरी हवं, नाहीतर न्यायालयाने नेमलेल्या किंवा मान्य केलेल्या अनुवादकाचं. प्रत्यक्षात बहुतेक वकील आपलंच भाषांतर लावतात आणि अधिकृत भाषांतरातून सूट मागणारा अर्ज सोबत जोडतात. त्यामुळे ते कोणाकडून करून घ्यायचं, हे तुमच्याच हातात उरतं.

वेगात आणि पैशात यंत्र जिंकतं, त्यावर वाद नको. छापील, स्वच्छ स्कॅन केलेला निकाल असेल तर कच्चा मसुदा काही मिनिटांत हातात येतो. तलाठ्याच्या हस्ताक्षरातल्या जुन्या फेरफाराला मात्र माणूसच हवा. मोडी असेल तर तोही जाणकार.

खरी अडचण आहे ती चूक कोणत्या प्रकारची होते, याची. 'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे अपिलाला परवानगी दिली; यंत्राने त्याचं हिंदीत 'सुट्टी दिली' अशा अर्थाचं भाषांतर केल्याचा किस्सा न्यायालयीन वर्तुळात गाजला; हसू येतं म्हणूनच ती चूक सापडते. पण सातबाऱ्यावरचं 'कूळ', म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, यंत्राने घराणं समजून उतरवलं, तर इंग्रजी वाक्य गुळगुळीतच दिसेल आणि कुळकायद्याचा अख्खा मुद्दा निसटेल. 'वहिवाट'चं तेच: ताबा, वापर की रस्त्याचा हक्क, हे पुढचंमागचं वाचल्याशिवाय कळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचं स्वतःचं भाषांतराचं यंत्र 'सुवास' 2019 पासून आहे, पण त्याचा मुख्य उपयोग निकाल भारतीय भाषांत आणायला होतो, आणि तिथेही मसुदा माणसं तपासतात. 21 फेब्रुवारी 2023 ला शिवसेनेच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीचं यंत्राने थेट शब्दांकन केलं. ते सोपं, कारण बोलणारे वकीलच नंतर मजकूर तपासू शकतात. तुमच्या पंचनाम्याचे पंच तपासायला येणार नाहीत.

फुकटच्या चॅटबॉटमध्ये पक्षकाराचे कागद टाकू नका. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 च्या धोरणात जिल्हा न्यायालयांना अशा क्लाउड साधनांपासून सावध केलंय. ते धोरण आपल्याला लागू नाही, पण पक्षकाराची गुपितं इथेही तीच.

माझं मत: निकालपत्रं आणि लांबलचक कैफियती यंत्राला द्या, मग ओळ न् ओळ तपासा. महसुली कागद आणि साक्षी थेट अनुवादकाला. त्यालाही आधी विचारा, 'कूळ'ला इंग्रजीत काय लिहिता? 'टेनंट' म्हणाला तर पानामागे दर ठरवा.