आयर्लंडच्या दोन घटना : १९२२ आणि १९३७
१९२२ च्या घटनेचा मसुदा डब्लिनमध्ये तयार झाला खरा, पण त्यावर लंडनचा हात फिरला. पंचम जॉर्ज आणि त्याच्या वारसांशी प्रामाणिक राहण्याची शपथ प्रत्येक संसद सदस्याला बंधनकारक झाली, गव्हर्नर-जनरल आला, आणि ब्रिटनशी झालेल्या १९२१ च्या तहाशी विसंगत ठरणारी तरतूद तेवढ्यापुरती निष्प्रभ मानली गेली. तत्कालीन आयरिश सरकारप्रमुख डी व्हॅलेरांच्या पुढाकाराने घडलेली व १ जुलै १९३७ च्या सार्वमतात मंजूर झालेली घटना राजाचा उल्लेखही करत नाही (परराष्ट्र व्यवहारापुरता राजाचा उपयोग करण्याची आडवाट मात्र २९ व्या कलमात ठेवलेली होती). तरीही कनिष्ठ सभागृहाला जबाबदार मंत्रिमंडळाचा वेस्टमिन्स्टरी साचा दोन्हींत तोच राहिला, त्यामुळे मला हा बदल यंत्रणेपेक्षा तिच्या मालकीचा वाटतो. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांची प्रेरणा याच दुसऱ्या घटनेच्या ४५ व्या कलमात आहे.