निळ्या बाटलीत नायट्रस नव्हताच

गाडीला नायट्रस (इंजिनची ताकद वाढवणारा नायट्रस ऑक्साइड वायू) बसवायचा विचार करणाऱ्या गोव्यातल्या प्रत्येकाला एकच सांगायचं आहे: बाटलीत खरंच नायट्रस आहे का, हे पैसे देण्याआधी तपासून घ्या. माझ्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकच्या डिकीत निळ्या बाटलीतून जो वायू बसवला गेला, तो कार्बन डायऑक्साइड होता. आग विझवायला वापरतात तो. संपूर्ण किटचे म्हणून त्या माणसाने ऐंशी हजार घेतले.

मडगावच्या बाजूला त्याचं गॅरेज आहे. बोलणं गोड, कामाची जागा स्वच्छ, भिंतीवर ड्रॅग शर्यतींचे फोटो. मला गाडी रस्त्यावर पळवायची नव्हती, अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या शर्यतीत उतरवायची होती. ते ऐकून तो म्हणाला, "दादा, मग काहीच टेन्शन नाही. हे बघा." आणि त्याने पर्जचं, म्हणजे नळीतला वायू बाहेर सोडायचं, बटण दाबलं. बॉनेटजवळून पांढऱ्या वायूचा झोत उडाला. दाबाच्या मीटरवर साडेनऊशे पीएसआय. मग वजनकाट्यावर बाटली ठेवून आत साडेचार किलो गॅस असल्याचंही दाखवलं.

या तीन गोष्टी बघून कुणाचाही विश्वास बसेल, आणि फसवणूक नेमकी इथेच आहे. नायट्रस ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड या दोघांचंही रेणुवजन ४४. दोन्ही दाबाखाली द्रवरूपात भरतात, दोन्ही बाहेर पडताना तसाच थंडगार पांढरा झोत सोडतात. आपल्याकडच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचा दाब नायट्रसला हवा असतो त्या ९०० ते १००० पीएसआयच्या आसपासच येतो. म्हणजे मीटर, काटा आणि पर्ज, तिन्ही साक्षीदार खोट्या वायूच्या बाजूनेही तेच बोलतात. शिवाय आग विझवण्याचा ४.५ किलोचा सिलिंडर जवळपास नायट्रसच्या दहा पौंडांच्या बाटलीएवढा भरतो. निळा रंग मारला, परदेशी कंपनीचं स्टिकर चिकटवलं, की झालं.

इंजिनला मात्र फसवता येत नाही. नायट्रसचा रेणू सुमारे ३०० अंशांना तुटतो आणि त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो. वजनाने त्यात ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत साधारण २३. त्या जास्तीच्या ऑक्सिजनला पुरेल एवढं जास्तीचं पेट्रोल वेट किट (नायट्रससोबत पेट्रोलही देणारं किट) त्याच नोझलमधून सोडतं. माझ्या गाडीत पेट्रोल जास्त येत होतं, पण सोबत ऑक्सिजन नव्हता. बटण दाबलं की गाडी उसळण्याऐवजी गुदमरायची, मागून काळा धूर. प्लग काढले तर काजळीने माखलेले.

तक्रार घेऊन गेलो तर त्याने पेट्रोलचा जेट (प्रवाह ठरवणारं छिद्र) लहान केला आणि गॅसचा मोठा. धूर कमी झाला. "बघा, ट्यूनिंग बसलं," म्हणाला, त्याचेही वेगळे पैसे लावले. हा या सगळ्यातला सर्वात भयंकर भाग आहे. शर्यतीआधी पुण्याच्या मित्राकडून मी नायट्रसची दुसरी भरलेली बाटली घेणार होतो, आणि ती खरी असती. त्या जेटवर खरा नायट्रस गेला असता तर मिश्रण एकदम लीन (ऑक्सिजन जास्त, पेट्रोल कमी) होऊन पिस्टन वितळला असता. हे त्याला कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

बाटली ओळखली ती कुंडईच्या एका काकांनी, ज्यांचं आयुष्य अग्निशामक सिलिंडर भरण्यात गेलं. हात लावताच म्हणाले, "अरे, हा तर फायरचा सिलिंडर. कुठून आणलास?" त्यांनी चुंबक लावलं, चिकटलं. नायट्रसच्या बाटल्या बहुतेक अॅल्युमिनियमच्या असतात, ही पोलादी होती. खांद्यावर रिकामं वजन आणि चाचणीची तारीख कोरलेली असते, ती ग्राइंडरने घासून टाकलेली. मग उघड्यावर, थोडासा वायू बरणीत घेऊन त्यांनी पेटती उदबत्ती आत धरली. नायट्रस असता तर निखारा भडकला असता. इथे विझला.

आणि व्हॉल्व्हवर जिथे दाब वाढल्यावर फुटणारी सुरक्षा-चकती हवी, तिथे पितळी बूच ठोकलेलं. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव राहत नाही, नायट्रसची हीच मर्यादा ३६.४ अंश. त्यापुढे दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात फोंड्यात उन्हात लावलेल्या गाडीची डिकी किती तापते ते आपल्याला ठाऊक आहे. माझी मुलं त्या डिकीला पाठ लावून मागच्या सीटवर बसायची.

नीट काम करणारा माणूस चकतीतून सुटणारा वायू गाडीबाहेर नेणारी नळी स्वतःहून बसवतो. पूर्ण थ्रॉटलचा स्विच, ठराविक आरपीएमखाली गॅस न सोडणारा स्विच आणि पेट्रोलचा दाब पडला तर सगळं बंद करणारा स्विच लावल्याशिवाय तो किट चालू करत नाही. वाढवलेल्या दर पन्नास अश्वशक्तीमागे इग्निशन, म्हणजे प्लगची ठिणगी, साधारण दोन अंश उशिरा पाडतो, उष्णता लवकर बाहेर टाकणारे 'थंड' प्लग घालतो आणि दीड लिटरच्या इंजिनच्या मूळ पिस्टनवर छोट्या जेटनेच सुरुवात करतो. या माणसाने यातलं एकही नाव काढलं नव्हतं. बिलावरही फक्त "अॅक्सेसरी फिटिंग" लिहिलं.

पैसे परत मागितल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तक्रार करा ना. आरटीओ आधी तुमचीच गाडी उचलेल." मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगीशिवाय गाडीत असे बदल करू देत नाही, हे खरं आहे, आणि याच भीतीवर त्याचा धंदा चालतो. पण विनापरवाना बदलाचा दंड वेगळा आणि आगीचा सिलिंडर नायट्रस म्हणून विकणं वेगळं. मी किट उतरवलं, बाटली पुरावा म्हणून काकांकडे ठेवली, यूपीआयच्या पावत्यांसह ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि पोलिसांत तक्रार दिली. तपास अजून चालू आहे.

मडगाव-फोंडा भागात कुणी अशी निळी बाटली बसवून घेतली असेल तर आजच डिकी उघडा, चुंबक लावा, खांद्यावरचे कोरलेले आकडे आणि व्हॉल्व्हवरची चकती बघा. शंका आली तर बटण दाबू नका, गाडी सावलीत लावा आणि बाटली स्वतः न उघडता सिलिंडर भरणाऱ्या जाणकाराला बोलवा.