टॅली प्राइम: कृषी केंद्राच्या मालकाला ताळेबंद कितपत दाखवतं?

तालुक्याच्या गावात कृषी केंद्र चालवणारे बहुतेक जण टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतात ते जीएसटीसाठी. मग ताळेबंद उघडतो फक्त सीए, तोही मार्च उलटल्यावर. यात सॉफ्टवेअरची निम्मी किंमत वाया जाते. ताळेबंदातल्या कुठल्याही आकड्यावर एंटर दाबत गेलं की थेट मूळ बिलापर्यंत पोहोचता येतं. मालकाला हिशेब कळण्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

आपल्या धंद्यात एकट्या ३१ मार्चच्या ताळेबंदावर विसंबू नये. बियाणं, खत जून-जुलैत उधार जातं आणि वसुली होते सोयाबीन-कापसाचे चुकारे कास्तकाराच्या हाती आल्यावर. अहवालाची तारीख बदलून ३१ ऑगस्ट आणि ३१ जानेवारीचाही ताळेबंद पाहा. संड्री डेटर्सचा, म्हणजे गिऱ्हाइकांकडच्या उधारीचा, आकडा ऑगस्टमध्ये फुगणारच. जानेवारीतही तो उतरला नसेल, तर पुढच्या खरिपाच्या मालाला पैसा कुठून आणायचा हे तेव्हाच ठरवावं लागतं.

नफा आहे पण गल्ला रिकामा, हे कोडं इथंच सुटतं. समजा नफा ४,००,००० रुपये. वर्षभरात उधारी ६,५०,००० नं वाढली, गोदामातला माल १,५०,००० नं वाढला, कंपन्यांचं देणं ३,००,००० नं वाढलं. म्हणजे नफा कमावूनही रोकड १,००,००० नं घटली! घरखर्चाची उचल आणि कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल यात धरलेलंच नाही, कारण ती दोन्ही नफा-तोटा पत्रकात येत नाहीत. उचल दुकानखर्चात टाकली तर नफाच खोटा दिसतो. तिला भांडवलाखाली वेगळं खातं हवं. कॅश फ्लो अहवाल महिनावार उघडा, कोणत्या महिन्यात ओढ बसते ते दिसेल.

सगळ्यात कामाचा अहवाल मात्र उधारीचा. एफ६ दाबून येणी वयानुसार पाहता येतात, पण खात्यात बिलवार नोंद चालू असेल आणि प्रत्येक जमा त्या-त्या बिलाला लावली असेल तरच. कोणत्याच बिलाला न लावता ‘ऑन अकाउंट’ जमा टाकत राहिलं की जुनं कोणतं, नवं कोणतं, काही कळत नाही.

साठ्यात गडबड हमखास होते. खताची गाडी उतरते, बिल मागाहून येतं, तोवर विक्रीच्या नोंदी झालेल्या असतात. साठा उणे जातो, सरासरी खरेदी दर बिघडतो आणि ढोबळ नफा भलताच येतो. माल उतरताच रिसीट नोट (बिलाआधीची माल मिळाल्याची नोंद) करावी, आणि महिनाअखेर गोदामातली पोती, खतविक्रीच्या पॉस मशीनवरचा साठा व टॅलीतला साठा तिन्ही जुळवावेत.

रेशो अ‍ॅनालिसिसवर, म्हणजे टॅलीच्या गुणोत्तरांच्या अहवालावर, आमचा भरवसा कमी. मुदत संपलेलं कीटकनाशक आणि बुडीत उधारी त्याला चांगलीच मालमत्ता वाटते, त्यामुळे करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) उगाच गुबगुबीत दिसतो. औषधांना बॅच आणि एक्स्पायरीची नोंद चालू करा, मेलेला माल वजा करा, मगच तो आकडा बँकेपुढे ठेवा.

एका संगणकावर काम असेल तर सिल्व्हर परवाना पुरतो. घेण्याआधी एज्युकेशन मोडवर फुकट सराव होतो. तिथं महिन्यातल्या मोजक्याच तारखांच्या नोंदी होतात, पण अहवाल वाचायला शिकण्यासाठी तेवढ्या पुष्कळ आहेत.