लॉरेन केली की कर्स्टी वॉर्क: टीव्हीवर यायचं तर वाट कोणाची धरावी?

बारावीनंतर थेट एखाद्या स्थानिक पेपरात शिरावं, की पदवी घेऊन आधी पडद्यामागचं काम शिकावं? अँकर व्हायचं ठरवलेल्यांना हा प्रश्न पडतोच. स्कॉटलंडच्या दोन निवेदिका या दोन वाटांनी गेल्या आणि दोघीही साधारण चाळीस वर्षं ब्रिटिश टीव्हीवर टिकल्या.

लॉरेन केली यांचा जन्म १९५९ चा, ग्लासगोच्या गॉर्बल्स या कामगारवस्तीतला. वडील टीव्ही दुरुस्त करायचे. विद्यापीठात इंग्रजी आणि रशियन शिकायची संधी सोडून त्या ‘ईस्ट किलब्राइड न्यूज’मध्ये लागल्या. १९८३ मध्ये बीबीसी स्कॉटलंडमध्ये संशोधक म्हणून गेल्या, तर ‘या हेलानं टीव्हीवर तुझं काही व्हायचं नाही’ अशा अर्थाचं वरिष्ठांनी ऐकवलं. (नागपूर-कोल्हापूरहून मुंबईच्या वाहिन्यांत गेलेल्यांना हे नवं नसावं.) पुढच्याच वर्षी टीव्ही-एएम या सकाळच्या वाहिनीनं त्यांना स्कॉटलंडची बातमीदार नेमलं. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकरबी या स्कॉटिश गावावर विमान कोसळून २७० माणसं गेली, ती बातमी त्यांनी तिथून दिली. १९९० मध्ये सकाळच्या कार्यक्रमाची मुख्य खुर्ची मिळाली.

कर्स्टी वॉर्क १९५५ च्या, डम्फ्रीजच्या. एडिनबरा विद्यापीठाची पदवी घेऊन १९७६ मध्ये बीबीसी रेडिओ स्कॉटलंडमध्ये संशोधक, मग निर्माती, आणि त्यानंतर कॅमेऱ्यासमोर. या सगळ्याचा उपयोग १९९० मध्ये दिसला. पोल टॅक्स (प्रत्येक प्रौढावर लावलेला कर) स्कॉटलंडवर इंग्लंडच्या एक वर्ष आधी, १९८९ मध्येच लादला गेला होता, आणि समोर बसल्या होत्या खुद्द पंतप्रधान मार्गारेट थॅचर. वॉर्क मध्येच तोडत राहिल्या, उत्तर टाळू दिलं नाही. मला ही मुलाखत त्यांच्या पुढच्या कितीतरी कामापेक्षा मोलाची वाटते. १९९३ पासून २०२४ पर्यंत त्या ‘न्यूजनाइट’ या बीबीसीच्या रात्रीच्या वृत्तचर्चेच्या कार्यक्रमावर होत्या.

आता किंमत. केलींच्या वाटेवर भांडवल म्हणजे तुम्ही स्वतः. १९९४ मध्ये मुलगी झाली, तेव्हा बाळंतपणाच्या रजेत असतानाच त्यांची तेव्हाची वाहिनी जीएमटीव्हीनं त्यांचं काम काढून घेतलं. परत बोलावलं ते बाळांविषयीच्या सदरासाठी. पुढे ब्रिटनच्या करखात्यानं त्यांना आयटीव्ही या खासगी वाहिनीच्या नोकरदार ठरवून सुमारे १२ लाख पौंडांची मागणी लावली. २०१९ मध्ये न्यायाधिकरणानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला, कारण कामावर नियंत्रण आयटीव्हीचं नव्हे, त्यांचं स्वतःचं होतं; पडद्यावरची लॉरेन हीसुद्धा एक सादर केलेली भूमिका आहे, असंही म्हटलं. अँकरचा करार सही करण्याआधी हे प्रकरण समजून घ्याच.

वॉर्क यांना जोखीम होती ती जवळिकीची. नव्या स्कॉटिश संसदेच्या इमारतीचा आराखडा निवडणाऱ्या समितीवर त्या होत्या, आणि त्या इमारतीवर माहितीपट करत होती त्यांचीच कंपनी. इमारतीचा खर्च ४१ कोटी पौंडांवर गेल्यावर चौकशी बसली, माहितीपटाच्या चित्रफिती चौकशीला द्यायच्या की नाही यावरून वाद झाला. २००४-०५ मध्ये तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटलंड सरकारचे प्रमुख, जॅक मॅकॉनेल वॉर्क यांच्या कुटुंबाबरोबर मायोर्का या स्पॅनिश बेटावर सुट्टीला गेले, तेव्हाही टीका झाली. राजकारण्यांना प्रश्न विचारणाऱ्यानं हे टाळायला हवं होतं, असंच माझं मत.

माणसांशी गप्पा मारायची हौस असेल आणि दहावीस वर्षं पहाटे उठायची तयारी असेल, तर केलींचं काम पाहा. मात्र गावच्या पेपरातून टीव्हीवर नेणारा तो दरवाजा आता पूर्वीसारखा उघडा नाही. निवड करायचीच तर मी वॉर्क यांची वाट सुचवेन. निर्मिती येत असल्यामुळे त्यांना १९९० मध्ये पतीबरोबर स्वतःची कंपनी काढता आली. शिवाय कार्यक्रम कोणाचाही असो, त्याला कात्री लागतेच: ‘न्यूजनाइट’ २०२४ मध्ये अर्ध्या तासावर आलं, आणि केलींचा कार्यक्रम जानेवारी २०२६ पासून तितकाच, तोही वर्षातले ३० आठवडे, असं आयटीव्हीनं २०२५ मध्ये जाहीर केलं.