'शासनमान्य' प्रशिक्षणाच्या नावाखाली शिक्षक आणि ग्रंथपालांना असं लुबाडलं जातंय

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपुरात सीताबर्डीवरच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये शिक्षक आणि शालेय ग्रंथपालांसाठी एक प्रशिक्षण झालं. वर्गात तंत्रज्ञान कसं वापरायचं आणि शाळेचं ग्रंथालय संगणकावर कसं आणायचं, हा विषय. शुल्क प्रत्येकी ३,५०० रुपये. शहरातले लोक होतेच, कामठी, हिंगणा, उमरेडकडूनही बरेच जण उन्हातान्हात आले होते. मी एका खाजगी अनुदानित शाळेत ग्रंथपाल आहे आणि मीही त्यात होते. आमचे पैसे गेले. एका मॅडमच्या खात्यातून शुल्कापेक्षा कितीतरी जास्त रक्कम गेली. आणि आमच्या ग्रंथालयाची राबून तयार केलेली संगणकीय नोंद गेली. आता पुढची सुट्टी जवळ आली आहे आणि त्याच धाटणीचे मेसेज शिक्षकांच्या ग्रुपवर पुन्हा फिरू लागले आहेत, म्हणून जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे.

जाळं टाकताना त्यांनी धादांत खोटं फारसं सांगितलंच नाही. खऱ्या गोष्टींना खोटं चिकटवलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, हे खरं. 'ते तास आमच्याकडे भरले नाहीत तर वेतनवाढ थांबेल', ही पुढची ओळ त्यांची. १२ वर्षांच्या सेवेनंतर पगाराची वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवड श्रेणी मिळण्यासाठी प्रशिक्षण करावं लागतं, हेही खरं. ते प्रशिक्षण पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद घेते, आणि त्याच्या ऑनलाइन फेरीत २,००० रुपये नोंदणी शुल्कही घेतलं गेलं होतं. म्हणजे 'प्रशिक्षणाला पैसे लागतात' ही गोष्ट शिक्षकांच्या कानाला नवी नाही. या लोकांच्या लेटरहेडवर 'राज्य', 'शैक्षणिक', 'प्रशिक्षण', 'परिषद' हे सगळे शब्द होते, फक्त क्रम बदललेला. घाईत वाचणाऱ्याला ती पुण्याची परिषदच वाटावी अशी सोय केलेली होती.

ग्रंथपालांसाठी आमिष वेगळं होतं, आणि ते मला जास्त क्रूर वाटतं. शाळांमधले कितीतरी ग्रंथपाल वर्षानुवर्षं अर्धवेळ आहेत. अर्ध्या पगारात पूर्ण ग्रंथालय सांभाळायचं, वर परीक्षेची कामं, पुस्तकवाटप, ऑनलाइन माहिती भरणं हेही करायचं. अशा माणसाला 'या प्रमाणपत्राने पूर्णवेळ उन्नयनाच्या प्रस्तावाला वजन येईल' असं सांगितलं तर तो उसने घेऊनही पैसे भरतो. अर्धवेळचं पूर्णवेळ होणं शाळेच्या पटसंख्येवर आणि पदाच्या मान्यतेवर ठरतं. कुठल्याही खाजगी प्रशिक्षणाच्या कागदाचा त्याच्याशी संबंध नाही.

मेसेजसोबत एक शासन निर्णय जोडलेला होता. हा भाग नीट वाचा, कारण तो तुमच्याही हातात पडेल. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी 'सदर शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे' असं वाक्य असतं. तो लांबलचक आकडा कोणी वाचत नाही. पण त्याची सुरुवात तारखेने होते: आधी वर्षाचे चार आकडे, मग महिन्याचे दोन, मग दिवसाचे दोन. आमच्या हातातल्या कागदावर महिन्याच्या जागी १७ होतं. तोच संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून शोधला तेव्हा काहीच निघालं नाही. कागद बनवणाऱ्याने दुसऱ्याच एखाद्या निर्णयाचा साचा उचलला आणि आकडे मनाने टाकले, एवढं स्पष्ट आहे. हे शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मोबाईलवरही होतं.

आता प्रशिक्षणाबद्दल. पहिला दिवस चांगला गेला, हे मुद्दाम सांगते. शिकवणारा तरुण मुलगा हुशार होता, त्याला विषय येत होता. गूगल फॉर्मवर चाचणी कशी तयार करायची, तिचे गुण आपोआप शीटमध्ये कसे येतात, बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरच्या कोणत्या साहित्याकडे नेतात, हे त्याने हातात हात धरून शिकवल्यासारखं शिकवलं. दुपारपर्यंत सगळ्यांचा विश्वास बसला. सभागृहात 'चला, यावेळी काहीतरी शिकायला मिळालं' असंच सगळे म्हणत होते. त्या मुलाला तरी वरचा सगळा प्रकार ठाऊक होता का, मला शंका आहे. पण त्याने जे जे शिकवलं त्यातलं एकही साधन विकतचं नव्हतं. दीक्षा २०१७ च्या शिक्षक दिनी सुरू झालं तेव्हापासून मोफत आहे. निष्ठा या केंद्र सरकारच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम त्यावर मोफत आहेत आणि पूर्ण केले की प्रमाणपत्र तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये येतं. स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवर शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क लागतं, तेवढंच.

खरा घात ग्रंथपालांच्या वेगळ्या सत्रात झाला. तिथे त्यांनी 'आमच्या संस्थेने शाळांसाठी विकसित केलेलं' म्हणून एक सॉफ्टवेअर दाखवलं. पुस्तकांची नोंद, देवघेव, बारकोड, विद्यार्थ्यांना घरून शोधता येईल अशी यादी. शाळेसाठी वार्षिक ६,५०० रुपये, सर्व्हर त्यांचा, देखभाल त्यांची. आमच्या मुख्याध्यापक सरांनी मंजुरी दिली. दाखल नोंदवहीतून, म्हणजे ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहिलेल्या वहीतून, एकेक पुस्तक संगणकावर चढवायचं काम आम्ही हाती घेतलं. ज्यांनी हे केलं नाही त्यांना त्यातले कष्ट कळणार नाहीत. जुन्या नोंदवहीतलं पुसट अक्षर लावायचं, लेखकाचं नाव एका ठिकाणी आडनावाने आणि दुसऱ्या ठिकाणी नावाने लिहिलेलं असतं ते जुळवायचं, पान फाटलेलं असलं तर कपाटातून पुस्तकच काढून बघायचं. नववीच्या मुली मधल्या सुट्टीत येऊन पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचायच्या, मी टाईप करायचे. मुलींना त्याची इतकी गोडी लागली होती की यादीत आपण चढवलेलं पुस्तक शोधून दाखवायला त्या वर्गातल्या मैत्रिणींना घेऊन यायच्या.

एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारी माझी मैत्रीण सहज शाळेत आली होती. तिने पडदा बघितला आणि ब्राउझरच्या पट्टीतल्या पत्त्यावर बोट ठेवलं. 'सीजीआय-बिन' या शब्दापुढे सरळ 'कोहा' असं लिहिलेलं होतं. कोहा हे न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी बनलेलं आणि २००० साली सगळ्या जगासाठी खुलं झालेलं सॉफ्टवेअर आहे. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, जगभरची ग्रंथालयं ते वापरतात. या लोकांनी त्यावरचं चिन्ह काढून स्वतःचं लावलं होतं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या एनआयसीने बनवलेलं ई-ग्रंथालय नावाचं सॉफ्टवेअरही आहे. यातलं काहीही त्या सत्रात कोणी उच्चारलं नव्हतं.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. कोहा बसवून देण्याचे, सर्व्हर सांभाळण्याचे, शिकवण्याचे पैसे घेणं यात काही गैर नाही. प्रामाणिकपणे ते करणारे लोक आहेत आणि त्यांच्या कष्टाचं मोल झालंच पाहिजे. गैर हे की दुसऱ्यांनी खुलं केलेलं काम स्वतःचं म्हणून विकलं, आणि आमची नोंद आमच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था केली. कोह्यात सगळी नोंद फाइलमध्ये उतरवून घेता येते. आमच्या लॉगिनला फक्त पुस्तक चढवण्याचा अधिकार दिलेला होता, उतरवून घेण्याचा नव्हता. मी फोन करून प्रत मागितली तर उत्तर मिळालं, "मॅडम, टेन्शन नका घेऊ जी, तुमचा डेटा आमच्याकडे सेफ राहीन." त्यानंतर काही काळाने पान उघडेनासं झालं. फोन बंद. सीताबर्डीचा हॉल तासाच्या भाड्याचा, कार्यालय म्हणून दिलेल्या पत्त्यावर दुसराच व्यवसाय. हाती उरली ती मूळ दाखल नोंदवही. ती कपाटात जपून ठेवली होती म्हणून शाळेची मालमत्ता कागदावर तरी शाबूत राहिली.

प्रमाणपत्राचं काय झालं ते थोडक्यात. आमच्या शाळेतल्या एका सरांनी ते वरिष्ठ श्रेणीच्या प्रस्तावाला जोडलं, ते अमान्य होऊन परत आलं. खरं तर त्यावर क्यूआर कोड होता, स्कॅन केला की हिरव्या खुणेसह 'पडताळणी झाली' असं पान उघडायचं. पण ते पान त्यांच्याच संकेतस्थळाचं होतं. विकणाऱ्याने स्वतःच्या मालाला दिलेली ग्वाही ती. पडताळणी करायची तर कागदावरचा कोड बाजूला ठेवून, ज्या संस्थेचं नाव घेतलंय तिच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाईप करून तिथे बघायचं.

आणि मग तिसरा घाव. आम्ही काही जणांनी त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पैसे परत मागितले. ग्रुप लगेच बंद झाला, पण त्यातले आमचे नंबर त्यांच्याकडे होतेच. गणिताच्या मॅडमना फोन आला, बोलणं अगदी आपल्या इकडचं, आदबीचं: "पैसे वापस करून राहिलो न मॅडम, कोड पाठवला आहे, तो स्कॅन करा न फक्त." त्यांनी स्कॅन केला, पिन टाकला आणि खात्यातून पैसे निघून गेले. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही लागत नाही. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. एकदा फसलेल्या माणसालाच परताव्याच्या नावाने पुन्हा गाठतात, कारण त्याला काय हवं आहे हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. त्या मॅडम अजूनही स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की उठून जातात. त्यांना दोष देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दिवसभर मुलांना शिकवून दमलेल्या बाईला तिचेच पैसे परत करतो म्हणून लुटणं, यात चूक करणारा कोण हे सांगायला नको.

असं झालं तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, त्याच क्षणी. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी ती गोठवण्याची संधी तेवढ्या वेळातच असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. सोबत बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार पिन ग्राहकाच्या हातून गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर खात्यातून जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. लाजेखातर रात्रभर थांबणं म्हणूनच परवडत नाही.

प्रशिक्षणाचा मेसेज आला तर पैसे भरण्याआधी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे आपल्या डाएटला, लेखी विचारा की अमुक नावाच्या संस्थेला प्रशिक्षणाची परवानगी दिली आहे का. तोंडी 'असेल' म्हणणाऱ्यावर जाऊ नका. उत्तर येत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचं काम आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जे प्रशिक्षण ३० दिवस थांबू शकत नाही, 'आज रात्री १२ ला लिंक बंद' म्हणतं, ते सोडून दिलेलं बरं. आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि ही मंडळी नेमकी त्याआधीच्या सुट्टीत येतात, जेव्हा विचारायला शाळेत कोणी भेटत नाही. पैसे एखाद्या व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर मागितले तर तिथेच थांबा. आधार, शालार्थ क्रमांक (पगाराच्या सरकारी प्रणालीतला आपला क्रमांक) आणि ओटीपी 'सेवापुस्तकात नोंद करून देतो' म्हणून कोणी मागितलं तर देऊ नका, सेवापुस्तकातली नोंद आपल्या शाळेतूनच होते.

ग्रंथपालांनी सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न विचारावा: माझी सगळी नोंद मला फाइलमध्ये उतरवून द्याल का, आणि ती दर महिन्याला माझ्या पेनड्राइव्हवर येईल का? उत्तर ऐकून निर्णय घ्या. आम्ही आता त्याच मैत्रिणीच्या मदतीने शाळेच्याच संगणकावर कोहा बसवलं आहे आणि पहिल्या पुस्तकापासून पुन्हा नोंद सुरू केली आहे. त्या मुली अजूनही वेळ काढून येतात.

आम्ही काही जणांनी मिळून पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं आणि खोटी कागदपत्रं बनवण्यासाठी कलम ३३६. त्या प्रशिक्षणाला जे जे आले होते त्यांनी स्वतःची स्वतंत्र तक्रार द्यावी. ३,५०० रुपये म्हणजे कुठे एवढं, असं म्हणून घरी बसू नये, कारण एकेकट्याची रक्कम लहान दिसते आणि सगळ्यांच्या तक्रारी एकत्र आल्या की तपासाला दिशा मिळते. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, मूळ मेसेज आणि प्रमाणपत्र जवळ ठेवा. ग्रुप सोडला असेल तरी आधीचे चॅट पुसू नका, ते एक्स्पोर्ट करून स्वतःलाच ईमेल करून ठेवा.