पायलट कोर्सचं ‘पॅकेज’ घेताय? आधी पावती कोणाच्या नावाची ते बघा

गेल्या वर्षी बारावीच्या निकालानंतर कुडाळला एका हॉटेलच्या हॉलमध्ये पायलट ट्रेनिंगचा सेमिनार झाला. त्यात भाचीच्या कोर्सपायी माझ्या भावोजींचे साडेआठ लाख गेले.

एजंटाने पडद्यावर दोन रस्ते दाखवले. मॉड्युलर म्हणजे थिअरी एकीकडे, फ्लाइंग दुसरीकडे, टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याचं ट्रेनिंग) तिसरीकडे; अशा मुलांना म्हणे एअरलाइन दारात उभं करत नाही. इंटिग्रेटेड म्हणजे सगळं एकाच ठिकाणी, चौदा महिन्यांत लायसन्स, नोकरी पक्की आणि पोस्टिंग आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर! चिपीला २०२१पासून विमानं उतरतात हे खरं, पण तिथे कुठल्याच कंपनीच्या वैमानिकांचा तळ नाही. घराजवळची नोकरी म्हटल्यावर मात्र हॉलमधली सगळी आईबापं सरसावून बसली.

माझी बहीण तेवढी अडली. ‘नोकरीचा माका कागदार लिवन होया.’ कागद आला. त्यात ‘प्लेसमेंटसाठी सहकार्य’ एवढेच शब्द. उद्या त्याने भरतीच्या जाहिरातीची लिंक पाठवली, तरी ते सहकार्यच. भावोजींनी काजूच्या कारखान्यावर कर्ज काढून पहिला हप्ता भरला. पावती मिळाली ती कन्सल्टन्सीच्या नावाची.

मग ऑनलाइन थिअरी सुरू झाली आणि फ्लाइंगची तारीख पुढे सरकत राहिली. आज पाऊस, उद्या इन्स्ट्रक्टर नाही. पावसाळ्यात उड्डाणं रखडतात हे खोटं नाही, म्हणून आम्हीही गप्प राहिलो. शेवटी एजंटाने ज्या फ्लाइंग स्कूलचं नाव सांगितलं होतं, तिथे मी थेट फोन लावला. भाचीच्या नावाने तिथे एक रुपयाही जमा नव्हता. म्हणजे इंटिग्रेटेडच्या नावाखाली मिळाला तो मॉड्युलरचा पहिला तुकडा, तोही दामदुपटीने. आणि मेडिकल? तिचं तर एजंटाने नावच काढलं नव्हतं. क्लास वन मेडिकलमध्ये, म्हणजे कमर्शियल पायलटच्या आरोग्य तपासणीत, मूल अडकलं तर बाकीचा खर्च पाण्यात, म्हणून ती सगळ्यात आधी करायची असते.

डीजीसीए म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं. त्याच्या कमर्शियल लायसन्सला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. तुम्ही कोणत्या वाटेने आलात ते लायसन्सवर छापत नाहीत. एअरलाइनच्या खऱ्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या नावाने चालणाऱ्या ट्रेनिंगमध्ये, परीक्षा-मुलाखतीतून निवड होते, पत्र एअरलाइनच्या लेटरहेडवर येतं आणि त्यातही अटी असतात. एजंटाच्या तोंडची हमी त्यात कुठेच बसत नाही. टाइप रेटिंगचे लाखो रुपये पॅकेजमध्ये धरलेत का, हेही विचारा. आमच्या कागदात ते नव्हते. मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर आहे. फी तिथल्याच खात्यात, टप्प्याटप्प्याने भरा.

भाची आता मेडिकल करून डीजीसीएचे पेपर स्वतःच देतेय. पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. त्या हॉलमध्ये आणखी कोणी पैसे भरले असतील तर पावत्या आणि व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका, तुमचीही तक्रार नोंदवा.