राज्यसभा, १९५२: निवडून की नेमून?

पहिल्या राज्यसभेतल्या २१६ जागांपैकी १२ राष्ट्रपतींच्या नेमणुकीच्या, बाकीच्या राज्यांच्या वाट्याच्या. लोकसभेला मुंबईत हरलेले डॉ. आंबेडकर त्याच वर्षी मुंबईच्या आमदारांच्या मतांवर इथे आले. या वाटेने यायचं तर त्या राज्यातला मतदार असावं लागे, शिवाय मतदान गुप्त. कुठला आमदार कधी फुटेल याचा नेम नसे. (दोन्ही गोष्टी २००३ मध्ये बदलल्या.)

राष्ट्रपतींनी नेमलेले विद्वान काकासाहेब कालेलकर, अभिनेते पृथ्वीराज कपूर यांना ही कटकट नव्हती. अर्थात नावं सरकारच सुचवणार! तरी कलावंत-विद्वानांना मतांसाठी दारोदार फिरवण्यापेक्षा मला नेमणूकच बरी वाटते. सभागृहात निवडलेल्या आणि नेमलेल्या सदस्याच्या मताची किंमत सारखीच. राष्ट्रपती निवडताना मात्र नियुक्तांना मतच नाही.